नवरा बघायला बंगलोरला

लोक बंगलोरला बागा बघायला जातात, मी नवरा बघायला गेले. परत आल्यापासून कचेरीत, जिन्यात, दुधाच्या केंद्रावर जो तो विचारतो, "मग, काय काय बघितलं?" आणि मी सांगते, हवा छान आहे. हवा खरोखरच छान आहे. पण तेवढ्याने कोणाचं समाधान होत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. ज्यांना नुसतं फिरायला जायचंय त्यांनाही यातून थोडीफार माहिती मिळेल.

माझं वय शेहेचाळीस. लग्न झालेलं नाही. का झालं नाही याची कारणं आमच्या घरात प्रत्येकाकडे वेगळी आहेत. आईचं आजारपण, पत्रिका, माझी नोकरी, माझा स्वभाव. स्वभाव हे कारण वहिनीचं. नाकावर चाळिशी आली, केसांना मेंदी लागली, जिना चढताना गुडघा बोलायला लागला, आणि आता तरी लोक हा विषय सोडतील असं वाटत होतं, तेवढ्यात दिवाळीला दादाने स्थळ आणलं. माधवराव. वय बावन्न, बंगलोरला सरकारी कारखान्यात इंजिनिअर, बायको जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, घरात फक्त म्हातारी आई. मंडळी मराठी, पण तीन पिढ्या तिकडेच.

मी म्हटलं, "बघायचं असेल तर मी जाईन. त्यांनी इकडे यायचं नाही."

"मुलगी कधी मुलाकडे बघायला जाते का?" दादा म्हणाला.

"मुलगी कुठे आहे इथे?" मी विचारलं. "आणि मुलगा तरी कुठे आहे?"

पंचविशीत परक्या माणसांसमोर पोह्यांच्या बश्या फिरवण्याची माझी हौस पुरेपूर फिटली होती. कोणी चालून दाखव म्हणायचं, कोणी दोन ओळी लिहून दाखव म्हणायचं. आता ज्या घरात जायचं ते घर मला बघायचं होतं. मोरी बघायची होती, खिडक्या किती उघडतात ते बघायचं होतं. नवरा काय, तोही दिसलाच असता.

अडचण एकच होती, पण मोठी होती. सांगलीत मी स्वतःचा दोन खोल्यांचा ब्लॉक घेतलाय. दारावर माझ्या एकटीच्या नावाची पाटी आहे. हो म्हटलं तर हा ब्लॉक, नोकरी, सगळं सोडून परक्या मुलखात कोणा म्हातारीची सून व्हायचं, तेही या वयात. नाही म्हटलं तर संध्याकाळी ते दार मीच उघडायचं आणि रात्री मीच लावायचं, शेवटपर्यंत. माधवरावांकडच्यांना संक्रांतीच्या आत उत्तर हवं होतं. या दोन्हींतल्या कशाची भीती मला जास्त वाटते तेच मला कळत नव्हतं, आणि ते कळावं म्हणूनच मी डिसेंबरच्या शेवटी मिरजेला गाडीत बसले.

यशवंतपूर, मग इंदिरानगर

यशवंतपूरला उतरले तेव्हा उजाडत होतं. फलाटावर कानटोप्या घातलेली माणसं वाफाळती कॉफी पीत उभी होती. आपल्याकडे स्टेशनवर पहिली हाक चहाची असते, इथे कॉफीची. मावसबहीण शैला न्यायला आली होती. तिच्या नवऱ्याची नाशिकहून बदली झाल्याला वर्ष-दीड वर्षच झालंय, त्यामुळे तीही तिथे नवीनच, पण रिक्षावाल्याशी "स्वल्प हळू चला, स्वल्प हळू" असं तिसऱ्याच भाषेत इतक्या आत्मविश्वासाने बोलत होती की मी थक्क झाले. रिक्षावाला अजिबात हळू गेला नाही.

इंदिरानगर म्हणजे रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, मधूनमधून बंगले आणि बंगल्यांच्या मध्ये नुकत्याच उठलेल्या इमारती. सकाळी प्रत्येक दारासमोर बाई सडा घालून रांगोळी काढताना दिसते. आपल्याकडे रांगोळीत रंग भरतात, इथे नुसत्या पांढऱ्या रेघा. आणि फुलं! साठीची बाई भाजी घ्यायला निघाली तरी तिच्या अंबाड्यात हातभर अबोली-मोगरा. शैलाने पहिल्याच दिवशी माझ्याही डोक्यात गजरा खोचला. मी काढून ठेवला. सांगलीत शेहेचाळिसाव्या वर्षी बिनलग्नाची बाई गजरा घालून कचेरीत गेली तर दुपारपर्यंत कॅन्टीनमध्ये विषय होतो. इथे कोणी ढुंकून बघितलं नसतं, हे कळत होतं, तरी हात आपोआप गेला.

तो एकतीस डिसेंबरचा दिवस होता. शैलाच्या वरच्या मजल्यावर पुण्या-नागपूरची चार मुलं राहतात. सगळी कॉम्प्युटरमध्ये. त्यातली एक मुलगी संध्याकाळी निमंत्रण द्यायला आली.

"आंटी, आज टेरेसवर न्यू इयर पार्टी आहे. तुम्ही पण या ना. म्युझिक लाऊड असेल, सो आधीच सॉरी."

शैलाला ती 'शैला मावशी' म्हणत होती, मला मात्र आंटी. मी चष्मा पुसत विचारलं, "आंटी कशावरून गं?"

"म्हणजे... तुम्ही आंटीच वाटता ना," ती गोड हसून म्हणाली. त्यात वाईट काहीच नव्हतं. खरं तेच ती बोलली.

शैला थोडा वेळ वर जाऊन आली. बारा वाजता मी घोरत होते असं ती सांगते. तरुणपणी वर्ष संपताना मला काहीतरी वाटायचं, आता पुढच्या वर्षी हे करू, ते करू. हल्ली नवीन वर्ष म्हणजे नवीन डायरी, आणि त्या डायरीत पहिल्या पानावर डोळ्यांचा नंबर नि रक्तगट लिहायचा. दर एक जानेवारीला मी पहाटे फिरायला जाण्याचा निश्चय करते आणि दोन तारखेला तो मोडते, म्हणून या वेळी केलाच नाही. त्यामुळे बरं वाटलं.

चामराजपेट, एक जानेवारी

बघण्याचा कार्यक्रम दुपारी चारला होता. शैला आणि मी बसने मार्केटपर्यंत गेलो. तिथून चामराजपेट चालत जवळच, पण मार्केटच्या गर्दीत फुलांच्या चिखलावरून जाताना माझ्या चपलेचा अंगठाच तुटला. चांभार काही दिसेना. शेवटी एका दुकानातून निळ्या रबरी स्लिपर घेतल्या, आणि बंगलोरी रेशमी साडी नेसून, पायांत न्हाणीघरातल्या चपला घालून मी नवरा बघायला गेले. दादाला हे सांगितलेलं नाही.

चामराजपेट म्हणजे आपल्या जुन्या गावभागासारखी दाट वस्ती. खाली दुकान, वर घर, मध्येच छापखाना, पलीकडे अगरबत्तीवाला. माधवरावांचं घर एका अरुंद बोळात, कौलारू, पुढे दोन खांब आणि ओटा. ओट्यावर एक ठेंगणी, गोरटेली म्हातारी बाई पुढ्यात शेंगांचा ढीग घेऊन बसली होती.

"बन्नी, बन्नी," ती म्हणाली. मग मराठीत, "ये गं, बस. तू निमा काय? मी अक्का. माझा लेकसुद्धा मला अक्काच म्हणतो, तू पण तेच म्हण. हात धुऊन घे, आणि हे स्वल्प सोलायला लाग."

मला वाटलं होतं, मी बघायला आलेय. पहिल्या पाच मिनिटांत मी शेंगा सोलत होते. डिसेंबर-जानेवारीत बंगलोरभर या अवरेकाईच्या शेंगा असतात, आपल्या पावट्याच्या जवळच्या, पण त्यांना स्वतःचा असा एक वास असतो, आणि त्यासाठी लोक वेडे होतात. आधी शेंगा सोलायच्या, मग दाणे भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा की तो सालातून टुपकन बाहेर उडतो. आपल्याकडे बिरडं करताना करतात तसंच, पण इथे तो सोहळा असतो. सकाळीच भिजवून ठेवलेल्यांतला मी दाबलेला पहिला दाणा शैलाच्या चष्म्यावर जाऊन बसला.

"सरी, सरी, असू दे," अक्का म्हणाल्या, "येईल सवयीने."

मग बायका येऊ लागल्या. पहिल्या शेजारच्या जयम्मा, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी मला डोक्यापासून स्लिपरपर्यंत निरखून विचारलं, "ऊटा आय्ता?" म्हणजे जेवण झालं का. मी म्हटलं, झालं. मग दुसरी आली, तिनेही तेच विचारलं. तिसरीनेही. मला वाटलं, यांना मी उपाशी दिसते की काय! अक्का हसल्या. "अगं, ते विचारायचं असतं. तुमच्यात कसं म्हणतात, काय बरं आहे ना? तसं." मग पुढे येणाऱ्या प्रत्येकीला मीच आधी "ऊटा आय्ता?" विचारलं आणि सगळ्या खूष झाल्या. एवढ्या भांडवलावर मी दोन तास काढले.

माधवराव आत होते. ते बाहेर आले ते हातात ताट घेऊन. ताटात उप्पीट, शिरा आणि कॉफीचे पितळी पेले. शिऱ्याला तिकडे केसरीभात म्हणतात, रंग अगदी झेंडूचा. माणूस उंच, टक्कल पडलेलं, कानांवर थोडे पांढरे केस, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. उप्पीट त्यांनीच केलं होतं, हे अक्कांनी लगेच सांगून टाकलं.

"मीठ बरोबर आहे का?" त्यांनी मला विचारलं.

वीस वर्षांपूर्वी मला कितीतरी जणांनी विचारलं होतं, पोहे तूच केलेस का? आज पहिल्यांदा ताट घेऊन दुसरं कोणी उभं होतं, आणि ते ताट जरासं हलत होतं. मला त्या माणसाची दया आली. मीठ कमी होतं. मी म्हटलं, बरोबर आहे.

मी मोरी बघितली. स्वच्छ होती. खिडक्या लहान होत्या. मागच्या अंगणात पपईचं झाड आणि दोरीवर अक्कांची नऊवार. माधवराव एकदोनदा काही बोलायला पुढे आले, पण दर वेळी कोणी ना कोणी बाई मध्ये येऊन मला जेवण विचारत होती. शेवटी ते वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यात बसले. वाचताना त्यांनी मधेच मान वर करून काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. आमचं बोलणं असं काही झालंच नाही.

निघताना मात्र घोळ झाला.

अक्का म्हणाल्या, "थांब, अशी रिकामी जाऊ नको," आणि आत जाऊन तबक घेऊन आल्या. मला कुंकू लावलं, हळद लावली, डोक्यात चाफा खोचला. मग म्हणाल्या, "पदर धर." मी पदर पुढे केला आणि त्यांनी त्यात विड्याची पानं, सुपारी, केळी, खण आणि नारळ घातला.

सांगलीतल्या वाचकांना सांगायला नको. आपल्याकडे हळदीकुंकवाला सवाष्णीची ओटी भरतात. मी जाते, नाही असं नाही, पण मला कुंकू लावतात आणि नारळाचा हात पुढच्या बाईकडे जातो. तो हात किती पटकन पुढे सरकतो हे मला चांगलं माहीत आहे, कारण वर्षानुवर्षं तो माझ्यासमोरून गेलाय. बिनलग्नाच्या मुलीची ओटी भरतात ती एकदाच, साखरपुड्याला, आणि भरते ती होणारी सासू. आता माझ्या पदरात नारळ पडला. हे काय, ठरलंसुद्धा? मला कोणी विचारलं नाही, मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आणि खरं सांगायचं तर, ते वजन निसटू नये म्हणून मी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी वाकून नमस्कार केला. जयम्मा दारात उभ्या राहून हसत होत्या. शैलालाही तसंच ताटभर मिळालं, पण ती सवाष्ण, तिचं काय विशेष!

पुन्हा इंदिरानगर

बस इंदिरानगरला पोचेपर्यंत शैलाला धीर निघाला नाही.

"निमाताई, अगं ओटी भरली त्यांनी तुझी! सगळ्यांसमोर!"

"दिसलं मला."

"आणि तू घेतलीस!"

"मग काय फेकून देऊ? म्हाताऱ्या बाईने दिलेला नारळ?"

"मी कुठे म्हणतेय फेक म्हणून? आता झालंच की सगळं." आणि घरी पाऊल टाकल्याबरोबर तिने सांगलीला फोन लावला. मी साडी बदलून बाहेर येईपर्यंत ती ओरडत होती, "दादा, ओटी भरली! हो हो, सासूबाईंनी! चांगली खण-नारळाने!" पलीकडून वहिनीचा आवाज इथपर्यंत आला. मला फोन दिला तेव्हा दादा धड बोलू शकत नव्हता. "निमे, उद्या सकाळीच पेढे आणतो," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

मला संताप आला. दादाचा, शैलाचा, त्या म्हातारीचा, आणि सगळ्यांत जास्त त्या उप्पीटवाल्या माणसाचा. आयुष्यभर माझ्याविषयी सगळे ठरवत आले, निदान हे तरी मी ठरवणार म्हणून एवढ्या लांब आले होते. इथेही कोणी विचारलं नाही. नारळ मी शैलाच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला आणि तिला बजावलं, "फोडायचा नाही." उद्या जाऊन स्पष्ट सांगायचं ठरवलं. नोकरी सोडणार नाही, ब्लॉक विकणार नाही, आणि न विचारता भरलेली ओटी मला मान्य नाही.

गांधी बझार, दोन जानेवारी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माधवरावांच्या घरी फोन केला. ते म्हणाले, घरी बायका बोलू देणार नाहीत, गांधी बझारला या, तिथे एक बरी दर्शिनी आहे. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायची हॉटेलं, बंगलोरात पावलोपावली. कमरेएवढ्या उंच गोल टेबलाशी उभं राहून इडली खायची आणि निघायचं. बसायला जागाच नाही, त्यामुळे उगाच कोणी रेंगाळत नाही. आपल्याकडे हॉटेलात माणूस एका चहावर तासभर राजकारण करतो, ते इथे जमायचं नाही.

"वन बाय टू घेऊ या?" माधवरावांनी विचारलं. इथे एक कॉफी दोन पेल्यांत वाटून घेतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. "मला साखर आहे. थोडीशी. अर्धाच पेला घेतो."

"मला गुडघा आहे," मी म्हटलं. "उभ्याने बोलायचं तर लवकर बोलू या."

ते हसले. मी हसले नाही. मी रात्रभर घोकलेलं सुरू केलं.

"मी नोकरी सोडणार नाही."

"नका सोडू."

"म्हणजे?"

"बदली मागून बघा. नाही मिळाली तर जा-ये करा. मीपण येत जाईन. रात्रीची गाडी आहे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील थोडे दिवस. आपल्या वयाच्या माणसांवर लोक फार वेळ घालवत नाहीत."

"ब्लॉक विकणार नाही."

"विकू नका. मला सांगलीत उतरायला जागा नको का?"

माझी दोन्ही शस्त्रं अशी गेली. मी तिसरा मुद्दा काढला. "अक्कांचं कोण करणार? मी सांगलीत, तुम्ही कारखान्यात."

"आत्ता कोण करतं? अक्का स्वतःचं स्वतः करते. शिवाय जयम्मा आहेत. अक्काचं करायला बायको आणावी असं मला कधीच वाटलं नाही."

"मग तुम्हाला लग्न तरी कशाला करायचंय?" मी जवळजवळ ओरडलेच. पलीकडच्या टेबलावरचा माणूस वड्यावरून वर बघायला लागला.

माधवरावांनी पेला खाली ठेवला. "पेपर वाचताना मधेच एखादी गंमत येते. मोठ्याने वाचून दाखवावीशी वाटते. अक्काला ऐकू कमी येतं." त्यांनी पेला परत उचलला. "एवढंच. फार मोठं कारण नाही माझ्याकडे."

मीही रविवारी पेपर वाचते, आणि काहीतरी छापून आलं की मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघते. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. त्याऐवजी मी म्हटलं, "ते सगळं ठीक आहे. पण मला न विचारता माझी ओटी का भरली? हे बरोबर आहे का?"

"ओटी?" ते म्हणाले. "कोणी भरली?"

"कोणी म्हणजे? अक्कांनी. काल. निघताना. सगळ्यांसमोर नारळ घातला पदरात."

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. मग हळूहळू उजेड पडला आणि त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "अय्यो! अहो, तो तांबूल. आमच्याकडे घरी आलेल्या कुठल्याही बाईला देतात. लग्न झालेली, न झालेली, काही बघत नाहीत, इथली पद्धतच आहे. बाईने रिकाम्या हाताने उंबरा ओलांडायचा नाही. गेल्या आठवड्यात साबणाची पावडर विकायला एक मुलगी आली होती. अक्काने पावडर घेतली नाही, पण तिलाही खण-नारळ दिला."

"साबणाच्या पावडरवालीला?"

"हो. सेल्सगर्ल. बी.कॉम. झालेली." ते कमालीचे ओशाळले होते. "तुम्हाला वाटलं... छे छे. असं विचारल्याशिवाय कसं ठरवू? तुम्ही निर्धास्त राहा. काही ठरलेलं नाही. तुमच्यावर कसलंही बंधन नाही."

मी सुटले. कालपासून उरावर बसलेलं ओझं उतरलं, आता मोकळ्या मनाने हवं ते उत्तर द्यायचं. म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. आणि मला वाईट वाटलं. अगदी साधं, लहान मुलीसारखं वाईट वाटलं. काल रात्री मी इतकी चिडले होते, नारळाकडे बघून दात-ओठ खाल्ले होते, आणि तरीही झोपेत कधीतरी माझं लग्न ठरलेलं होतं. आता ठरलेलं नव्हतं. साबणवालीचं नि माझं सारखंच होतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. शैलाने रात्री सांगलीला फोन केला. दादाला सांगितलं, ओटी भरली म्हणून. तो आज पेढे आणणार होता."

"अरे देवा!" माधवराव उठून उभे राहिले असते, पण ते उभेच होते. "मग आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. गल्लीत पेढे वाटले आणि मग मोडलं असं झालं, तर बोल तुम्हालाच लागतील. चूक आमच्या घरची आहे, मी सांगतो त्यांना. चला."

कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एस. टी. डी. बूथ होता. ते ताडताड पुढे, मी गुडघ्यामुळे मागे. आत काचेच्या खोलीत एकालाच जेमतेम जागा, आम्ही दोघं शिरलो. त्यांनी सांगलीचा कोड विचारला, मी सांगितला. दादाचा नंबर विचारला, तोही सांगितला. एकेक आकडा दाबत ते पुटपुटत होते, "नमस्कार, मी माधव बोलतोय. थोडा गैरसमज झालाय. आमच्याकडची पद्धत वेगळी आहे. तुमच्या बहिणीची यात काही चूक नाही..." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. माझी लाज राखायला ते एवढे धडपडत होते, आणि मला कळत होतं की हा फोन एकदा लागला की सगळं नीट, रीतसर, कोणालाही न दुखवता संपेल. मी परत जाईन. सगळे म्हणतील, बरं झालं वेळेवर कळलं. आणि मी घरी जाऊन माझं दार उघडेन.

पलीकडे घंटी वाजायला लागली. मला ऐकू येत होती. तिसऱ्या घंटीला कोणीतरी उचललं, आणि दादाचा "हॅलो" आला, खूष, मोठ्ठा.

मी हात पुढे करून फोनचा खटका दाबला.

माधवराव रिसीव्हर कानाला तसाच धरून माझ्याकडे बघायला लागले. "कट झाला का?"

"मी केला," मी म्हटलं.

"पण त्यांचा गैरसमज..."

"राहू द्या," मी म्हटलं. "बरोबरच समजलाय तो."